मोडलेली लाटफळी: जोडू की कापू?

वेळागरी (१८ मे, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी मूळ पुण्याचा. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा शिरोड्याला आजोळच्या घरी येऊन राहिलो, तो परत गेलोच नाही. वेळागरच्या किनाऱ्यावर सकाळी फिरता फिरता लाटांचा नाद लागला. गोव्यात मांद्र्याला जाऊन चार दिवस सर्फिंग शिकलो आणि मग स्वतःची लाटफळी (सर्फबोर्ड) स्वतः करायची खुमखुमी आली. गेल्या दिवाळीत केली. कोल्हापुरातून थर्माकोलचा घट्ट ठोकळा आणला (शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो), त्यावर २०० ग्रॅमचं काचकापड आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारी राळ, म्हणजे रेझिन). लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी पावणेतीन. वजन भरलं ४ किलो ३०० ग्रॅम. मधली लाकडी पट्टी घातली नाही, कारण यूट्यूबवरच्या एका गोऱ्याने घातली नव्हती.

गेल्या रविवारी मोडली. लाट काही मोठी नव्हती, कमरेएवढी. ओहोटी होती, पाणी उथळ. फळीचं नाक पाण्यात घुसलं, मी पुढे फेकला गेलो आणि मागून सुकलेल्या झावळीचा दांडा मोडावा तसा आवाज आला. वर येऊन बघतो तर नाकापासून ३ फुटांवर दोन तुकडे. खालच्या बाजूचं कापड तेवढं बिजागरीसारखं धरून होतं.

प्रश्न असा: होती तशी जोडू? की मोडका भाग कापून, नवा आकार देऊन ६ फूट २ इंचांची आखूड फळी करू? आखूड फळ्या दिसायला फार देखण्या असतात. माझं वजन ७८ किलो. ‘नवीन विकत घे’ हे बायकोने सांगून झालंय, तेव्हा ते सोडून बोला.

चहाबाज

नवीन विकत घे.

टवाळ_बाळ

‘लाटफळी’ हा शब्द आवडला, पण पाट जास्त शोभेल. लाटेवरचा पाट तो लाटपाट. स्वयंपाकघरात पोळपाट, समुद्रात लाटपाट. लाटणं दोन्हीकडे आहेच.

सॅनदिएगोकर

जोडायचं का कापायचं ते नंतर. आधी वाळव. दोन्ही तुकडे गोड्या पाण्याने धू, मोडकी बाजू खाली करून सावलीत उभे कर. थर्माकोल दाण्यांचा असतो आणि दाण्यांमधल्या फटींतून पाणी आत शिरतं. वरून हात लावला तर कोरडा वाटतो, आत अर्धा तांब्या पाणी असतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा असेल तर रोज सकाळी दोन्ही तुकड्यांचं वजन लिहून ठेव. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही की समज वाळला. उन्हात ठेवू नकोस. आतली हवा फुगते आणि कापड फोमपासून सुटतं.

मी इथे कॅलिफोर्नियात २००३ पासून आहे. पहिली फळी मोडली तेव्हा उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी जोडली होती. महिन्याभरात सांध्याभोवती कापडाखाली फोड आले, हाताने दाबले की पचपच आवाज.

फायबर_तात्या

वेळागरी, एक सांग. ही फळी कुठल्या होडीवाल्या फायबरवाल्याकडे नेलेलंस काय? नेलंस नाय तर बरां केलंस.

आमचा धंदो होडयेचो. आमच्याकडे असता जीपी रेझिन, म्हणजे पॉलिएस्टर. तेच्यात स्टायरीन असता, आणि तुझो थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. एकाच घराण्यातले. रेझिन लागला की थर्माकोल चायत बत्तासो घातल्यासारखो विरघळता. इपॉक्सीशिवाय तेका काय चालाचा नाय.

वेळागरी

तात्या, काय दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! जानेवारीत शेपटीला बारीक चीर गेली होती. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही, माणूस भला आहे आणि त्याच्या होड्या वीस वीस वर्षं चालतात. त्याने चिरेत रेझिन सोडलं, वर मॅटचा तुकडा चिकटवला, पैसेही घेतले नाहीत. सकाळी बघतो तर वरून सगळं गुळगुळीत, टकटक केलं तर ढोल. कापून पाहिलं तर आत मूठ जाईल एवढी पोकळी. चूक माझीच, आत थर्माकोल आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

फायबर_तात्या

तेचीय चूक. टोचून बघूचा होता.

आणि त्या मॅटबद्दल आयक. आमची मॅट म्हणजे काचेचे तुकडे डिंकान चिकटवलेले असतत. तो डिंक स्टायरीनात सुटता, म्हणान मॅट मऊ पडता आणि वळणार बसता. इपॉक्सीत स्टायरीन नाय, डिंक सुटणा नाय, मॅट ताठच्या ताठ रवता. इपॉक्सीक विणलेला कापडच घे.

(पुढचे मराठीत लिहितो, पुणेकरांची सोय.) कोणी पॉलिएस्टरवर घरी काम करणार असेल तर लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मग हार्डनर. दोन्ही एकत्र पडले तर भडका उडतो. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. माझ्याकडे नवा पोरगा आला की चष्मा घातल्याशिवाय बाटलीला हात लावू देत नाही.

पिंपळपान

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकते, पण कोणीतरी टाकायला हवं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली ती उगाच नाही. मी दर महिन्याला किनारा स्वच्छतेला जाते. बाटल्या उचलता येतात, चपला उचलता येतात, थर्माकोलचे मणी वाळूतून वेचता येत नाहीत. तुमची फळी मोडली तेव्हा तिचे किती मणी पाण्यात गेले? आता घासणार म्हणजे अजून उडणार.

मखरवाला

पिंपळपान ताई, बरोबर आहे तुमचं. मी गिरगावात पंचवीस वर्षं थर्माकोलची मखरं केली. बंदी आल्यावर पुठ्ठ्यावर आलो. हात अजून थर्माकोलच मागतो, ते सोडा.

पण मणी उडतात ते घासल्यामुळे. गरम तारेने कापलं तर एक मणी उडत नाही. नायक्रोमची तार धनुष्यासारखी ताणायची आणि ट्रान्सफॉर्मरवरून कमी व्होल्टेज द्यायचं. तार लाल होता कामा नये. लाल झाली तर खड्डे पडतात आणि धूरही वाईट. तार स्वतः वाट काढत जाईल एवढीच गरम हवी, हाताने ढकलायची नाही. दोन बाजूंना प्लायवूडचे सारखे साचे लावा, तार त्यांवरून सरकवा. उरलेलं घासकाम बंद खोलीत, खाली ओली चादर, नाकावर मास्क. नंतर चादरीची गाठ मारून उचलायची. दारं-खिडक्या उघड्या ठेवून घासाल तर चतुर्थीपर्यंत पोह्यात मणी सापडतील. स्वानुभव.

निळीशाई

पिंपळपान यांना दुजोरा, आणि थोडं अवांतर. हवाईत फळ्या लाकडाच्याच असत. सरदारांच्या लांबलचक फळीला ‘ओलो’ म्हणत, तिला ‘विलीविली’ नावाच्या झाडाचं हलकं लाकूड वापरत. हे विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं सख्खं चुलत भावंड, कूळ एकच. लोकांच्या पातळ ‘अलाया’ फळ्या कोआ किंवा उलूच्या. आणि उलू म्हणजे आपला नीरफणस! म्हणजे तुमच्या परसात कापं तळायची सोय आहे तिथेच फळीचीही आहे.

टॉम ब्लेक नावाच्या माणसाची गोष्टही इथे चपखल बसते. १९२६ च्या सुमारास होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पडलेल्या जुन्या ओलो फळ्या त्याने दुरुस्त केल्या. दुरुस्त करता करता तसलीच एक स्वतः करायला घेतली. ती फार जड झाली म्हणून तिला शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकडाने बंद केली. त्यातूनच पोकळ फळी निघाली, १९३२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. फळीखालचं पहिलं सुकाणूही त्याचंच, १९३५ चं, एका भंगारात पडलेल्या मोटरबोटीच्या धातूच्या पट्टीचं. थोडक्यात, दुरुस्तीला बसलेल्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

टवाळ_बाळ

नीरफणसाची फळी बुडाली तरी कापं करता येतील.

चहाबाज

लाकडाची कापं? दिवे (म्हणजे हलके) घ्या हो निळीशाई.

सॅनदिएगोकर

निळीशाई, वाचनखूण साठवली. इथल्या इतिहासातली एक तारीख मीही जोडतो: ५ डिसेंबर २००५. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा आतला फोम एकच कारखाना पुरवायचा, क्लार्क फोम. मालकाने त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना फॅक्स पाठवला की कारखाना बंद. मी तेव्हा इथेच होतो. दुकानदार ठोकळे दडवून बसले, फळ्यांचे भाव चढले आणि गॅरेजमध्ये फळ्या करणारी आमच्यासारखी हौशी मंडळी निमूटपणे थर्माकोलकडे वळली. तोवर थर्माकोलला नाकं मुरडायचे सगळे.

मांद्रेकर

मी सर्फिंग शिकवतो अश्व्याला, मांद्र्याजवळ. मूळ प्रश्नाक येतो.

६ फूट २ करू नका. तुमचं वजन ७८, शिकून वर्ष नाही झालं. आपल्या किनाऱ्याला पावसाळा सोडून लाट मऊ असते, ती ढकलत नाही, तिच्याबरोबर तुम्हीच वल्हवून पळावं लागतं. आखूड फळी छातीखाली बुडते, हात मारून दमता, लाट खालून निघून जाते. दर सीझनला पाच-सहा जण मोठ्या हौसेने आखूड फळी घेऊन येतात आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे विकायला ठेवतात.

आणि नाक घुसलं म्हणता, ते एकदाच का नेहमीच?

वेळागरी

नेहमीच. मला वाटायचं मी पुढे झोपतो म्हणून.

तुळई

मी पुण्यात इमारतींचे सांगाडे तपासते, समुद्राशी संबंध मुरुड-हर्णैपुरता. पण मोडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. मोडतोड का झाली ते कळल्याशिवाय दुरुस्ती करायची नसते, नाहीतर तुम्ही मोडण्याचं कारणही सांध्यासकट पक्कं करून ठेवता.

तुमच्या फळीत फोमला फारसं काही सोसत नाही. त्याचं काम एवढंच की वरचं आणि खालचं कापड एकमेकांपासून पावणेतीन इंच दूर धरायचं. ताण आणि दाब घेतं ते कापड. तुम्ही म्हणता खालचं कापड शाबूत राहिलं आणि बिजागरीसारखं वागलं. मग वरचं आधी गेलं. नाक वाळूत रुतलं, खालून वर रेटलं गेलं, वरच्या कापडावर दाब आला आणि ते चुरगळलं. पण तिथेच का? नाकापासून ३ फुटांवरच काय होतं?

वरच्या बाजूच्या फुटलेल्या कडेचे जवळून फोटो टाका. व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर कापडाची जाडी मोजा, मोडलेल्या जागी आणि तिथून फूटभर लांब.

चहाबाज

ताईंनी पोस्टमॉर्टेमच मागवलं.

वेळागरी (२३ मे)

तुळई ताई, लाज वाटतेय सांगायला.

वजन तीन दिवस स्थिर आल्यावर आज कापड सोलून मोजलं. इतर ठिकाणी ०.२६ मिमी. मोडलेल्या रेषेवर ०.१४, एका जागी ०.११. आणि मग आठवलं. कापडाचा पन्हा एक मीटर, आणि मी स्वस्तात मिळाले म्हणून उरलेले तुकडे घेतले होते. वरच्या बाजूला एक तुकडा पुरला नाही, म्हणून ३ फुटांवर दुसरा जोडला, चार बोटं एकमेकांवर चढवून. त्या जोडाची पायरी वर आली. दिसायला फार घाण दिसत होती. म्हणून ८० नंबरच्या पेपरने बसलो घासत, बोट फिरवल्यावर काही लागेनासं होईपर्यंत. त्या दिवशी बायकोला बोलावून दाखवलं होतं, बघ जोड कुठे आहे ते ओळख.

फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत कापडाचे उभे धागेच गायब दिसतात, ती जागा.

तुळई

मिळालं. पाव मिलिमीटर कापडातलं निम्मं तुम्ही घासून टाकलंत, तेही आडव्या सरळ रेषेत, पट्टी ठेवून कापावं तसं. वरच्या बाजूला थर एकच. समुद्राने फक्त त्या रेषेवर घडी घातली.

सॅनदिएगोकर

वरच्या बाजूला निदान दोन थर लागतात, गुडघे आणि टाचा तिथेच आपटतात. आणि जोडाची पायरी वर आली तर घासायची नसते. दोन्ही अंगांना राळ आणि हलकी भुकटी भरून उतार द्यायचा, कापडाला धक्का लावायचा नाही. माझ्या पहिल्या तीनही फळ्यांवर मी हेच पाप केलंय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मखरवाला

थर्माकोलवाल्याचा कानमंत्र: जोड लपवायचा असेल तर वर नक्षी काढा.

मांद्रेकर

नाक नेहमी घुसतं तर नाकाला उचल कमी आहे. फळी जमिनीवर पालथी... नाही, सरळ ठेवा आणि नाकाचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजा.

वेळागरी

सव्वातीन इंच. मोडण्याआधी काढलेल्या मापांत आहे.

मांद्रेकर

कमी. अजून दीड-एक इंच पाहिजे. आता मोडलीच आहे तर जोडताना उचलून घ्या. देवाने संधी दिली.

तुळई

हे गणित मला आवडलं, म्हणून जेवण टाकून केलं. दोन्ही बाजूंचा चिरडलेला फोम ४-४ इंच तरी कापावा लागेल. म्हणजे ८८ इंचांतून ८ गेले, फळी ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. नाकाकडचा तुकडा ३२ इंच उरतो. त्याचं टोक दीड इंच उचलायला तो साधारण पावणेतीन अंश वळवायचा. जाडी ७० मिमी धरली तर कापताना वरच्या बाजूला खालच्यापेक्षा सव्वातीन मिलिमीटर जास्त उडवायचे. बस्स. दोन नाण्यांच्या जाडीएवढी पाचर, आणि टोक दीड इंच वर.

तोटा एकच, खालच्या बाजूला सांध्यावर कोन पडेल. तो दीडेक फुटात घासून, भरून वळणात मिसळावा लागेल. कापड चढवायच्या आधी, नंतर नाही!

आकारमानाचंही सांगते. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, आणि कडा-टोकं निमुळती म्हणून त्याचे ५५ टक्के धरले, तर जुनी फळी ४७ लीटर. ६ फूट २ इंच केली असती तर ३९. ही ६ फूट ८ इंच साधारण ४२.

मांद्रेकर

४२ चालेल. थोडे कष्ट पडतील, पण चालेल.

फायबर_तात्या

सांध्यात काय घालतलंस? नुसतो फोमाक फोम चिकटवलंस तर परत तुटतलो. माणग्याच्या (बांबूच्या) कामट्या घे. आमच्या सिंधुदुर्गातलो माणगो भरीव असता, पोकळ नाय. दीड-दोन फुटाच्या चार कामट्या तास, दोन वर, दोन खाली, फोमात खाचे पाडून इपॉक्सीत बसव.

सॅनदिएगोकर

तात्या, आदर आहे, पण इथे असहमत. कामटी जिथे संपते तिथे फळी एकदम ताठची लवचीक होते आणि पुढच्या वेळी बरोब्बर तिथे मोडते. दुरुस्त फळ्या सांध्यावर क्वचित मोडतात, दुरुस्ती संपते त्या कडेवर मोडतात.

फायबर_तात्या

म्हणान चारय एका लांबीच्या घेव नको. एक दीड फूट, एक पावणेदोन, एक दोन, एक सव्वादोन. टोकां तासून निमुळती कर. होडयेचो वासो बदलताना आमी असाच करतो. कॅलिफोर्नियात बांबू गावता काय?

सॅनदिएगोकर

हरलो. बांबू मिळतो, माणगा नाही.

तुळई

तात्यांचं बरोबर. कापडाच्या पट्ट्यांनाही तेच लावा: पहिली ४ इंच रुंद, त्यावर ८, त्यावर १२. सगळ्या कडा एका रेषेत येऊ देऊ नका.

समुद्रकाकू

मला फळ्यातलं काही कळत नाही. आमचं घर आरवलीला, किनाऱ्याजवळच. वेळागरी बाळा, फळी जूनमध्ये तयार झाली तरी पाण्यात उतरायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती काही फक्त माशांच्या पिल्लांसाठी नाही. ज्यांची हयात दर्यात गेली ती माणसं होड्या वर ओढून, झापांनी शाकारून घरात बसतात. नारळी पौर्णिमेला नारळ पडल्यावर बघ.

वेळागरी

काकू, शब्द दिला. फळी भिंतीला टेकून राहील.

वेळागरी (२९ जून)

काम कुठवर आलं ते लिहितो.

मखरवाल्यांच्या पद्धतीने तार लावून दोन्ही तोंडं कापली. पहिली खेप वाया, तार लाल झाली होती. दुसऱ्या खेपेला पाचर सव्वातीनची साडेतीन झाली, ताईंनी माफ करावं. मग कळलं की दोन्ही तोंडांची रुंदी जुळत नाही, कारण मधले ८ इंच गेले. दोन्ही कडांना पाव-पाव इंचाची पायरी. ती रुंद तुकड्याच्या बाजूने लांबवर घासून मिसळली.

जोडताना ओसरीवर दोन बाकं, नाकाखाली आजीच्या वेळचे जेवायचे पाट एकावर एक रचून उंची आणली. मध्यरेषेवर सुतळी ताणली. (टवाळ_बाळ, लाटपाटाखाली पाटच होते.) सांध्यात इपॉक्सी आणि पोकळ काचेची हलकी भुकटी. तात्यांच्याच धंद्यातल्या एका शेजाऱ्याने शंखजिऱ्याची पावडर देऊ केली होती, ती जड म्हणून घेतली नाही. कामट्या चार, चार लांब्यांच्या.

पहिल्या दिवशी सकाळी कापड चढवलं आणि फसलो. दहाच्या सुमारास ऊन आलं, ओसरी तापली, थर्माकोलमधली हवा फुगून कापडाखालून बुडबुडे यायला लागले, भाजणीच्या थालीपीठावर येतात तसे. बोटाने फोडत बसलो, फोडले तेवढेच नवे. सोलून काढलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी साडेपाचला सुरू केलं, हवा गार होत जाते तशी राळ उलट आत ओढली जाते. एकही बुडबुडा नाही.

दुसरी गंमत: प्रमाण वजनाने १००:१०, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजलं. पण एकदम ४०० ग्रॅम कालवलं आणि फोन आला. तीन मिनिटं बोललो असेन. परत आलो तर पेला हातात धरवेना, वरून धूर. पुढचं सगळं पसरट ताटलीत ओतून वापरलं.

आता अडचण. सुकलं आहे, टणक आहे, पण वर मेणचट ओशट थर. घासायला गेलो तर पेपर भरतो. पाऊस धो धो चालू आहे. हार्डनर कमी पडलं का? थोडं जास्त घालून वरून हात मारू?

सॅनदिएगोकर

नाही! इपॉक्सीत हार्डनर वाढवलं की राळ लवकर सुकत नाही, कच्ची राहते. पॉलिएस्टरची सवय इथे चालत नाही. तुझं प्रमाण बरोबर आहे. तो थर हवेतल्या दमटपणामुळे येतो आणि तो पाण्यात विरघळतो. साध्या पाण्याने, भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धू, कोरड्या फडक्याने पूस, मगच पेपर लाव. आधी पेपर लावलास तर तो थर खाली दाबला जातो आणि पुढचा हात चिकटत नाही.

वेळागरी

धुतलं. गेलं. बायको म्हणते एवढ्या मायेने घरातली कढई कधी घासली नाहीस.

पिंपळपान

मण्यांचं काय केलंत?

वेळागरी

बंद खोली, ओल्या चादरी, गाठी मारून दोन पोती भरलीत. कापलेल्या ८ इंचांसकट. कोल्हापूरला ज्याच्याकडून ठोकळा आणला तो तुकडे परत घेतो म्हणाला, पुढच्या खेपेला नेतो. थोडे मणी अंगणात गेले हे खरं. कोंबड्या हाकलत वेचले.

पिंपळपान

बरं. पुढची लाकडाची करा मग बोलू.

निळीशाई

कुंपणाला पांगारा आहे का तुमच्या?

वेळागरी

आहे! पण त्यावर मिरवेल चढलाय, मामा मारतील.

चहाबाज (४ सप्टेंबर)

नारळ पडून महिना होत आला. धागा वर काढतोय.

वेळागरी (२१ ऑक्टोबर)

उशीर झाला, माफी. चतुर्थी, मग ऑफिसचं काम, मग मामांचं भात कापणं.

फळी पूर्ण झाली. ६ फूट साडेसात इंच (अर्धा इंच कुठे गेला मला विचारू नका), वजन ५ किलो १०० ग्रॅम. म्हणजे आखूड होऊनही ८०० ग्रॅम वाढलं: दुरुस्तीच्या पट्ट्या, कामट्या, आणि वरच्या बाजूला सलग दुसरा थर. नाकाचं टोक आता जमिनीपासून ४ इंच ९ सूत. हो, ९ सूत, म्हणजे पाच इंच आणि वर एक, मामांनी मोजलं आणि मी तसंच लिहून ठेवलं. सांध्याची पट्टी उघड दिसते, हाताला लागते. घासली नाही.

पहिले दोन दिवस मांद्र्याला नेली. मांद्रेकर साहेब स्वतः होते, त्यांनी सांगावं.

मांद्रेकर

नाक घुसत नाही. वल्हवायला जड जाते, जुन्या फळीपेक्षा लाट थोडी उशिरा पकडते, ते उचलीमुळे. त्यांना मी सांगितलं चार बोटं पुढे झोपा. मग आल्या लाटा. उजवीकडे थोडी ओढते, एक सुकाणू वाकडं बसलंय. पण तात्यांचा सांधा मी गुडघ्याने दाबून बघितला, हललाच नाही.

फायबर_तात्या

माणगो हा तो.

तुळई

साडेतीनची पाचर म्हणजे टोकाला साधारण एक इंच सहा दशांश उचल यायला हवी होती. आधीच्या सव्वातीन इंचांत ती मिळवली तर पाच इंचांच्या आतच यायला हवं. मामांनी कशावर ठेवून मोजलं?

वेळागरी

ओसरीवर. शेणाने सारवलेली आहे, ताई.

तुळई

मग ठीक आहे.

टवाळ_बाळ

नाव काय ठेवलं?

वेळागरी

पट्टीवर बायकोने ऑइल पेंटने लिहिलंय, ‘जोड कुठे आहे ते ओळख’. शिरोड्याला आज लाट गुडघाभरच आहे. तरी निघालोय.